फिरऔनच्या महालाला काचेच्या खिडक्या होत्या का?

सातवीच्या वर्गात मूसा अलैहिस्सलाम यांचा किस्सा निघाला की मुले कान टवकारून ऐकतात. अशाच एका तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, फिरऔनच्या महालाला काचेच्या खिडक्या होत्या का?" मुलगा मनियार घरचा, त्याचे आईवडील आठवडी बाजारात बांगड्यांचे दुकान लावतात. वर्ग हसला. मी मात्र अडखळलो, कारण उत्तर मला येत नव्हते. मग वाचायला बसलो. जे हाती लागले ते तुमच्यासमोर ठेवतो.

आपण मुसलमान प्राचीन मिसरकडे बघतो ते फिरऔनच्या नावावरून. जुलूम आणि घमेंड म्हणजे फिरऔन, हे लहानपणापासून मनात बसलेले. ते योग्यच आहे. पण त्या देशात फिरऔन एका वेळी एकच असे. भट्टीपुढे घाम गाळणारे कारागीर असंख्य होते. त्यांची नावे कुणी दगडात कोरली नाहीत. त्यांचे हुन्नर मात्र आजही संग्रहालयांत चमकते आहे.

काचेच्या आधी त्यांच्याकडे तिची थोरली बहीण होती. गारगोटीची भुकटी क्षारात मळायची, तांब्याचा अंश घालायचा आणि भाजायची. वर निळा-हिरवा काचेसारखा थर येतो. याला फेयन्स म्हणतात. इ.स.पू. २६५०च्या सुमारास सक्कारा येथे जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड बांधला गेला. त्याच्या जमिनीखालच्या दालनांच्या भिंतींवर अशा हजारो निळ्या फरश्या बसवल्या आहेत, त्याही लव्हाळ्याच्या चटईसारखी नक्षी दिसेल अशा. म्हणजे काचेसारखा पदार्थ बांधकामात वापरण्याची कल्पना साडेचार हजार वर्षांहून जुनी आहे.

खरी काच मिसरमध्ये रुळली ती इ.स.पू. १५००च्या आसपास. गारगोटीची पूड आणि वनस्पतींची राख एकत्र तापवायची, मग मुशीत पुन्हा सुमारे हजार अंशांवर वितळवून तिच्या जाड चकत्या पाडायच्या. तांब्याने फिरोजी रंग येई, कोबाल्टने गडद निळा आणि मँगनीजने जांभळा. इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या अमार्ना या राजधानीत काचेच्या कारखान्यांचे अवशेष सापडले आहेत. तूतनखामूनच्या प्रसिद्ध सोन्याच्या मुखवट्यावर शिरोवस्त्राचे निळे पट्टे दिसतात, ते रत्नांचे नाहीत, काचेचे आहेत. अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून येणारा लाजवर्द फार महाग पडे. काच ही त्याची जागा घेई. राजवाड्यांच्या भिंतींत आणि लाकडी सामानात काचेचे तुकडे जडवले जात. तिसऱ्या रामसेसच्या मेदिनेत हाबू येथील महालाच्या नक्षीदार फरश्यांतही काच बसवलेली आढळते.

मग खिडक्यांचे काय? त्यांना काच नव्हती. कर्नाकच्या देवळातला १३४ खांबांचा मंडप पाहा. त्याला उजेड मिळतो तो छताजवळच्या दगडी जाळ्यांतून. कारणे दोन दिसतात. एक, त्यांची काच बहुतेक अपारदर्शक आणि रत्नाच्या मोलाची होती. मोठे सपाट तावदान करण्याची रीत अजून निघायची होती. फुंकनळीने काच फुगवण्याची कला शाम देशाच्या किनाऱ्याकडे इ.स.पू. पहिल्या शतकात जन्मली, आणि खिडकीची काच त्यानंतर रोमन लोकांनी रूढ केली. दुसरे, तिथले ऊन. त्या देशात खिडकी वाऱ्यासाठी हवी आणि ऊन बाहेर ठेवण्यासाठी लहान हवी.

पुढे मिसर मुसलमान झाला, पण भट्ट्या विझल्या नाहीत. वादी नतरूनच्या सुकलेल्या तळ्यांतला क्षार इस्लामी काळाच्या सुरुवातीलाही काचेसाठी वापरात होता. कैरोच्या कारागिरांनी चुन्याच्या गिलाव्यासारख्या जिप्समच्या जाळीत रंगीत काचेचे छोटे तुकडे बसवून खिडक्या केल्या. त्यांना 'कमरिया' म्हणतात. कमर म्हणजे चंद्र. कडक ऊन त्यातून आत येताना चांदण्यासारखे मऊ होते. सूरह नम्लमध्ये मलिका बिल्कीस सुलैमान अलैहिस्सलाम यांच्या महालात काचेच्या फरशीला पाणी समजते, तो प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. काचेची इमारत माणसाला चकवते, हा इशाराही त्यात आहे असे मला वाटते.

आता आपल्या भंडाऱ्याकडे येऊ. जांभळ्या काचेला लागणारे मँगनीज आपल्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून निघते. आज ते मुख्यतः पोलाद आणि बॅटरीसाठी जाते. पण हेच मँगनीज थोडे घातले तर वाळूतल्या लोहामुळे आलेला काचेचा हिरवटपणा नाहीसा होतो, म्हणून जुने कारागीर त्याला काचेचा साबण म्हणत. आपल्या पायाखालच्या काळ्या दगडाचे नाते असे नाईलकाठच्या भट्टीशी जुळते.

आणि खिडक्या? आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. आजी-आजोबांच्या घरांना जाड मातीच्या भिंती, वर कवेलू, खिडक्या लहान आणि दारावर वाळ्याचे पडदे. आता गावोगावी दर्शनी भाग पूर्ण काचेचा अशा इमारती उठत आहेत, त्याही पश्चिमेकडे तोंड करून. काच सूर्याचे ऊन आत घेते, पण आत तापलेल्या वस्तूंची उष्णता सहजासहजी बाहेर सोडत नाही. मग दिवसभर एसी चालवायचा आणि डोळ्यांवर ऊन येते म्हणून काचेवर काळा कागद चिकटवायचा! काच वाईट नाही. थंड देशाची खिडकी विचार न करता विदर्भात आणून बसवणे वाईट.

दुसऱ्या आठवड्यात मी त्या मुलाला उत्तर दिले. म्हणालो, "बेटा, खिडक्यांना नव्हती, पण भिंतींत काच जडवलेली होती. राजाच्या मुखवट्यावरही होती. तुझे अब्बा विकतात ना, तीच काच राजे सोन्यात जडवून मिरवत."

वर्ग या वेळी हसला नाही. मुलाने विचारले, "मग ती बनवणाऱ्याचं नाव काय होतं, सर?"

याचे उत्तर मात्र माझ्याकडे नव्हते.