सिंधूकाठापासून प्रवराकाठापर्यंत

माणूस शेती करू लागला आणि नदीच्या काठी स्थिरावला. ईजिप्तमध्ये नाईल, इराकमध्ये तैग्रीस व युफ्रेटीस, चीनमध्ये होआंगहो आणि आपल्या उपखंडात सिंधू, या नद्यांच्या खोऱ्यांत चार ते पाच हजार वर्षांपूर्वी जगातील आद्य संस्कृती उदयास आल्या. पुराबरोबर येणाऱ्या गाळाने जमीन सुपीक होई व एका कुटुंबाच्या गरजेपेक्षा अधिक धान्य पिके. हे जास्तीचे धान्य होते म्हणूनच कुंभार, तांबट, विणकर व व्यापारी यांना शेती न करताही आपापला धंदा करता येऊ लागला. गावांची नगरे झाली ती अशी.

खारदांड्यासारख्या समुद्रकाठच्या गावाला या नदीकाठच्या नगरांशी काय देणेघेणे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर या इतिहासातच आहे.

सिंधू संस्कृतीचा शोध तसा अलीकडचा. १९२१ साली दयाराम सहानी यांनी हडप्पा येथे व त्यानंतर राखालदास बॅनर्जी यांनी मोहेंजोदडो येथे उत्खनन सुरू केले. १९२४ साली सर जॉन मार्शल यांनी हा शोध जगापुढे मांडला आणि भारताचा इतिहास एकदम दोन हजार वर्षांनी मागे गेला. इ. स. पू. २६०० ते १९०० हा या संस्कृतीच्या भरभराटीचा काळ. सरळ रस्ते, भाजलेल्या विटांची घरे, विहिरी आणि झाकलेली गटारे ही तिची ओळख होय. एवढी मोठी नगरे असूनही त्यांच्या एकाही राजाचे नाव आज कोणास ठाऊक नाही, कारण त्यांची लिपी अद्याप वाचता आलेली नाही. परंतु त्यांची वजने सापडली आहेत. ती एक, दोन, चार, आठ, सोळा अशी दुपटीने वाढत जातात. छटाक, अदपाव, पावशेर असा हिशेब ज्यांनी बाजारात केला, त्या वडीलधाऱ्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

या नगरांचा समुद्राशी घनिष्ठ संबंध होता. बलुचिस्तानच्या किनाऱ्यावरील बालाकोट येथे मासेमारी करणाऱ्या व शंखशिंपल्यांच्या बांगड्या घडविणाऱ्या लोकांची वस्ती होती. समुद्रातील माशांची हाडे किनाऱ्यापासून शेकडो मैल आत असलेल्या हडप्पा येथे सापडली आहेत. एवढ्या लांब ताजी मासळी टिकणे शक्य नव्हते. ती वाळवून अथवा खारवून नेली असावी, असे अभ्यासक मानतात. वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या कोळी भगिनींना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. त्या मासेमारांचे आणि येथील कोळ्यांचे रक्ताचे नाते होते असा दावा कोणी करू नये, तसा पुरावा नाही. परंतु नगर नदीकाठी असले तरी त्याच्या चुलीवर दर्यावर जाणाऱ्याच्या कष्टाचा वाटा होता, एवढे मात्र निश्चित.

गुजरातमधील लोथल येथे १९५५ पासून डॉ. एस. आर. राव यांनी उत्खनन केले. तेथील सुमारे २१५ मीटर लांबीचे विटांनी बांधलेले कुंड ही जहाजांची गोदी होती, असे त्यांचे मत होते. काही विद्वान त्यास पाण्याचा तलाव मानतात. इराकमधील अक्कड राज्याचा राजा सारगॉन याने मात्र, मेलुह्हाची जहाजे आपल्या धक्क्याला लागतात, असे मोठ्या अभिमानाने कोरून ठेवविले. मेलुह्हा म्हणजे सिंधूचा प्रदेश, असे बहुतेक संशोधक समजतात.

इतकी समृद्ध नगरे इ. स. पू. १९०० च्या सुमारास ओस पडू लागली. पाऊस कमी होत गेला, नद्यांनी पात्रे बदलली अथवा त्या आटल्या, दूरदेशचा व्यापार मंदावला. हे एका दिवसात अथवा एका लढाईत घडले नाही. लोक हळूहळू लहान गावांत विखुरले व नव्या पाण्याच्या शोधात निघाले. त्यांच्यातील काहींच्या खुणा आपल्या महाराष्ट्रात, गोदावरीस मिळणाऱ्या प्रवरेच्या काठी आढळतात.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद हे ठिकाण आहे. १९७४ साली तेथील एक शेतकरी झाडाचा बुंधा खणून काढीत असता त्यास कांस्याच्या चार वस्तू मिळाल्या. बैलजोडी जुंपलेला रथ व तो हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा या चार प्रतिमा असून त्यांचे एकत्रित वजन ६० किलोहून अधिक आहे. रथाच्या दांडीवर एक कुत्राही उभा आहे. मोडीच्या भावाने विकल्या गेल्या असत्या तर त्या केव्हाच वितळून गेल्या असत्या. आज मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय व दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय येथे त्या जपलेल्या आहेत. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि पुढे डॉ. एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या मुद्रा व खापरे मिळाली आणि सिंधू संस्कृतीचा उत्तरकाळ प्रवरेपर्यंत पोहोचला होता हे सिद्ध झाले. दायमाबादला सुमारे बाराशे वर्षे वस्ती होती.

याच प्रवरेच्या काठी संगमनेर तालुक्यात जोर्वे हे गाव आहे. १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी तेथे उत्खनन केले. लाल रंगावर काळी नक्षी असलेल्या, तोटीच्या भांड्यांमुळे महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांच्या संस्कृतीला या लहानशा गावाचे नाव मिळाले.

त्या शेतकऱ्यांचे जीवन सर्वात स्पष्ट दिसले ते पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या इनामगावी. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन करून १३० हून अधिक घरे उजेडात आणली. ते लोक जव, गहू, मसूर, कुळीथ पिकवीत. पुराचे पाणी वळवून घेण्यासाठी त्यांनी बांध घातला होता व पाट खणला होता. तांबे दुर्मीळ होते, लोखंड अद्याप आलेले नव्हते. अशा साधनांनी एवढे काम एका घराच्याने होणारे नव्हे, ते अनेक हातांचेच असले पाहिजे. वस्तीत धान्याचे कोठारही होते. बालक वारल्यास त्याला दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत व घराच्या जमिनीखालीच पुरीत. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईलाही आपले लेकरू घराबाहेर ठेवणे जड जात असावे.

इ. स. पू. १००० च्या सुमारास पुन्हा पाऊसमान घटले. प्रवरा-गोदावरी खोऱ्यातील पुष्कळ गावे उठली. इनामगाव आणखी सुमारे तीनशे वर्षे तग धरून राहिले, परंतु ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शेतीपेक्षा शिकारीवर भर वाढला. अखेर तेही ओस पडले. सिंधूकाठी जे मोठ्या प्रमाणावर घडले, तेच घोडनदीच्या काठी लहान प्रमाणावर घडले.

या संस्कृतींचा वारसा कोणता, असे विचारल्यास संग्रहालयाकडे बोट दाखविणे पुरेसे नाही. कापसाचे सूत, चाकावर घडविलेले मडके, बैलगाडी, वजनमाप, सांडपाण्याची सोय आणि कुळथाचे पिठले हा तो वारसा होय. राजांची नावे पुसली गेली, परंतु हातांची कामे उरली.

मुंबई उपनगराची भूमीही या इतिहासाला पारखी नाही. कांदिवली परिसरात टॉड या संशोधकाला अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली व १९३० च्या दशकात त्याने ती प्रसिद्ध केली. नगरे वसण्याच्या कितीतरी आधी माणूस येथल्या ओढ्यांवर पाणी पीत होता. उपनगराची आजची नदी म्हणजे मिठी. विहार व पवई तलावांपासून निघून सुमारे १८ किलोमीटर वाहत ती माहीमच्या खाडीस, म्हणजे आपल्याच दर्यास मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा भरावाने आक्रसलेल्या व कचऱ्याने तुंबलेल्या त्या पात्राला पाणी सामावता आले नाही. त्यात अनेकांचे प्राण गेले.

प्राचीन लोकांपुढे पाऊस आटल्यावर उपाय नव्हता. आजच्या पिढीपुढे प्रश्न निराळा आहे. पाणी आहे, पण ते वाहू देण्यास वाट नाही, आणि नदीत पडलेली घाण अखेर कोळ्याच्या जाळ्यात येते. इनामगावच्या लोकांनी तांब्याची व दगडाची हत्यारे घेऊन पाट खणला आणि तो राखला. घरापुढचे गटार, गावचा नाला आणि खाडीचे मुख मोकळे राखणे हे त्याच जातीचे काम आहे. ते एकट्याने होत नाही, आणि एकदा करून संपतही नाही.