डिंकाची छपाई आणि संगणकावरची निगेटिव्ह

मागच्या व्याख्यानात आपण प्लॅटिनम छपाईपाशी थांबलो होतो. आज डिंकाकडे वळू.

रसायन फार गुंतागुंतीचं नाही. डिंक पाण्यात विरघळतो. त्यात डायक्रोमेट मिसळलं, की प्रकाश पडेल तिथे तो कडक होतो आणि पाण्यानं सुटत नाही. म्हणजे डिंकात जलरंग आणि डायक्रोमेट कालवायचं, कागदावर पातळ थर द्यायचा, वाळल्यावर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं आणि मग कागद पाण्यात पालथा सोडायचा. कच्चा रंग हळूहळू निघून जातो. उरतं ते चित्र. डायक्रोमेट लावलेला कागद प्रकाशानं बदलतो, हे मुंगो पाँटननं १८३९ मध्ये सांगितलं. जॉन पाउन्सीनं १८५८ मध्ये डिंक आणि कोळशाच्या पुडीचे छाप दाखवले. पण खरा बहर आला १८९० च्या दशकात, पॅरिसच्या रोबेर दमाशीच्या हातून. हा गृहस्थ ओल्या छापावर ब्रश फिरवून नको तो तपशील पुसून टाकायचा. झालं! हे छायाचित्र की चित्र, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं.

आता अडचण बघा. हा डिंक अतिनील किरणांनाच नीट दाद देतो, एन्लार्जरच्या दिव्याला नाही. त्यामुळे छाप जेवढा मोठा, तेवढीच मोठी निगेटिव्ह हवी. छोट्या निगेटिव्हवरून आधी पॉझिटिव्ह, मग त्यावरून मोठी निगेटिव्ह असा द्राविडी प्राणायाम करावा लागे आणि प्रत्येक पायरीला थोडा तपशील गळे.

डॅन बर्कहोल्डर यांचं डिजिटल निगेटिव्हवरचं पुस्तक १९९५ मध्ये आलं. सुरुवातीला अशी फिल्म छपाईच्या धंद्यातल्या महागड्या यंत्रावर काढून घ्यावी लागे. पुढे घरचा इंकजेट आणि पारदर्शक फिल्म पुरेशी झाली. पण इथे डोळा फसतो. आपल्याला काळीकुट्ट दिसणारी शाई अतिनील किरणांना अडवेलच असं नाही, आणि एखादी फिकट रंगाची शाई त्यांना चांगली अडवते. म्हणून आधी करड्या छटांची पट्टी छापायची, कोणती छटा कुठे बुजली ते पाहायचं आणि त्यावरून संगणकात छटांचा कर्व्ह वाकवायचा. दुसऱ्याचा कर्व्ह उसना घेऊन भागत नाही; कागद, रंग, ऊन, सगळंच बदलतं. त्यातून डिंकाच्या एका थरात छटा मावतात थोड्याच. मग उजेडाची, मधली आणि सावलीची अशा वेगवेगळ्या निगेटिव्ह काढून थरावर थर चढवायचे. कागद आधीच गरम पाण्यात आकसवून घेतला नाही, तर दुसरा थर पहिल्यावर बसतच नाही.

काही जाणकार याला लबाडी म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. दमाशीचा ब्रश चालतो, तर कर्व्ह का चालू नये? मात्र एक फरक मान्य करायला हवा: दमाशीचा हात छापावर चालायचा, म्हणून तो छाप पुन्हा तसाच निघत नसे. आज हात निगेटिव्हवर चालतो, आणि तिची फाइल हवी तितक्या वेळा छापता येते.

आणि हो, घरी करून बघणार असाल तर डायक्रोमेटमधलं क्रोमियम कर्करोगकारक आहे. हातमोजे घाला, पूड हुंगली जाऊ देऊ नका आणि धुतलेलं पाणी मोरीत ओतू नका.