दोन्याना राष्ट्रीय उद्यान

स्पेनच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील एक प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ ५४,२५२ हेक्टर. अँडालूझिया प्रदेशात, मुख्यत्वे वेल्व्हा व सेव्हिल या प्रांतांत, ग्वादलक्विव्हर नदीच्या मुखाच्या उजव्या तीरावर ते पसरलेले आहे. सरकत्या वालुकागिरी, त्यांच्या पाठीमागील गोड्या पाण्याची तळी आणि त्यापलीकडील विस्तीर्ण दलदल ही त्याची तीन प्रमुख अंगे होत. यूरोप व आफ्रिका यांच्या दरम्यान ये-जा करणाऱ्या स्थलांतरी पक्ष्यांचे हे एक महत्त्वाचे विश्रांतिस्थान आहे. राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याची घोषणा १९६९ मध्ये झाली असली, तरी या भूमीच्या रक्षणाचा इतिहास सु. सात शतकांचा आहे. तेथे कोणाला प्रवेश द्यावा आणि कोणाला देऊ नये, या प्रश्नाभोवतीच हा इतिहास प्रामुख्याने फिरतो.

नैसर्गिक स्वरूप : समुद्राकडून येणारे नैर्ऋत्य वारे पुळणीवरील वाळू आत लोटतात व तिच्या एकामागून एक अशा समांतर रांगा तयार होतात. या रांगा वर्षाला काही मीटर या गतीने आत सरकत असतात. दोन रांगांमधील सखल, ओलसर जागेत पाइन वृक्षांची राई वाढते. तिला स्थानिक भाषेत ‘कोर्राल’ (कुंपण घातलेले आवार) म्हणतात. मागून येणारी वाळूची रांग कालांतराने ही राई गिळून टाकते आणि रांग पुढे सरकली, की वाळलेली खोडे पुन्हा उघडी पडतात. ही खोडे क्रुसासारखी दिसत असल्याने त्यांना ‘क्रूस’ असेच म्हणतात.

वालुकागिरींच्या मागील बाजूस सांता ओलाया, दुल्से इ. तळी आहेत. भूजलाची पातळी जेथे जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत येते, तेथे ती निर्माण झालेली आहेत. दलदलीचे तसे नाही. तिचा तळ चिकणमातीचा असून ती हिवाळी पावसाने व ओढ्यांच्या पाण्याने भरते आणि उन्हाळ्यात कोरडी पडून भेगाळते. तळी भूजलावर व दलदल पावसावर अवलंबून आहे, हा भेद उद्यानाचा अर्वाचीन इतिहास समजून घेण्यास महत्त्वाचा आहे. वाळूचा प्रदेश व दलदल यांच्या सीमेवरील हिरव्या पट्ट्यास ‘व्हेरा’ म्हणतात. येथील जुन्या बूच-ओक वृक्षांवर बगळे, दर्विमुख वगैरे पक्ष्यांच्या वसाहती असतात. तांबडे हरीण, फॅलो हरीण, रानडुक्कर, आयबेरियन लिंक्स, स्पॅनिश शाही गरुड, रोहित (फ्लेमिंगो) आणि हिवाळ्यात येणारी असंख्य बदके व हंसक ही येथील उल्लेखनीय प्राणिसंपत्ती होय.

प्राचीन काळ : आजच्या दलदलीच्या जागी रोमन काळात समुद्राशी जोडलेले एक विशाल खारकच्छ होते. लॅटिन ग्रंथांत त्याला ‘लाकुस लिगुस्तिनुस’ असे म्हटले आहे. नदीने आणलेला गाळ आणि मुखाशी वाढत गेलेला वाळूचा दांडा यांमुळे ते हळूहळू बुजत गेले व त्याची दलदल झाली. तार्तेसस हे प्राचीन वैभवशाली नगर याच परिसरात गाडले गेले असावे, अशी जर्मन इतिहासकार आडोल्फ शुल्टेन यांची धारणा होती. १९२०–३० या दशकात त्यांनी पुरातत्त्वज्ञ जॉर्ज बॉन्सर यांच्यासमवेत सेर्रो देल त्रीगो येथे उत्खनन केले. तार्तेससचा माग लागला नाही. मिळाले ते मासे खारवण्याचा उद्योग करणाऱ्या रोमनकालीन वस्तीचे अवशेष. सामान्य कोळ्यांच्या या वस्तीवरून असे दिसते, की आज निर्जन भासणारा हा किनारा एकेकाळी माणसांच्या राबत्यातला होता.

राजे व सरदार यांची मृगयाभूमी : कॅस्टीलचा राजा दहावा अल्फॉन्सो याने १२६२ मध्ये नीएब्ला हे मुस्लिम राज्य जिंकले. त्यानंतर या प्रदेशाचा काही भाग राजाच्या मृगयेसाठी राखून ठेवण्यात आला. चौदाव्या शतकात अकराव्या अल्फॉन्सोच्या आश्रयाने रचल्या गेलेल्या मृगयाविषयक ग्रंथात या रानाचा उल्लेख येतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस ग्वादलक्विव्हरच्या मुखालगतची जहागीर गुस्मान एल ब्वेनो या सरदारास मिळाली. त्याचे वंशज पुढे मेदीना सीदोन्याचे ड्यूक झाले आणि कित्येक शतके हा मुलूख त्यांच्याकडे राहिला. सातव्या ड्यूकची पत्नी दोन्या आना दे सिल्व्हा ई मेंदोसा हिच्या नावावरून या रानास दोन्याना हे नाव पडले, असे मानले जाते. हा ड्यूक म्हणजे १५८८ च्या स्पॅनिश आरमाराचा सेनापती होय.

चौथा फिलिप १६२४ मध्ये येथे शिकारीस आला, तेव्हा ड्यूकने त्याच्या व त्याच्या प्रचंड लवाजम्याच्या सरबराईसाठी रानातील वाड्याचा विस्तार केला. हाच वाडा आज संशोधन केंद्राच्या वापरात आहे. राजाला व पाहुण्यांना भरपूर शिकार मिळावी, म्हणून पहारेकरी नेमलेले असत आणि इतरांच्या शिकारीला व लाकूडतोडीला आळा घातला जाई. रान राखण्यामागील हेतू स्वार्थी होता. परंतु नांगर व कुऱ्हाड त्यामुळे दूर राहिली, ही वस्तुस्थिती आहे.

तथापि दोन्यानाचे रान अस्पर्श होते, असे मात्र म्हणता येत नाही. आल्मोंते गावाचे लोक दलदलीत घोडे व गुरे चारीत. कोळसा पाडणारे, मध गोळा करणारे, पाइनची फळे काढणारे व किनाऱ्यावर गवती झोपड्या बांधून राहणारे कोळी यांचा उदरनिर्वाह या रानावर चाले. आज नैसर्गिक वाटणाऱ्या पाइनच्या राईंचा मोठा भागही अठराव्या शतकापासून झालेल्या लागवडीचे फलित आहे. दलदलीतील घोड्यांचे कळप दरवर्षी जून महिन्यात आल्मोंते येथे हाकून आणण्याची प्रथा अद्यापि चालू आहे.

निसर्ग-अभ्यासकांचे आगमन : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज शिकारी व निसर्ग-अभ्यासक एबल चॅपमन आणि हेरेस येथील त्याचा सहकारी वॉल्टर बक यांनी येथील शिकारीचे हक्क भाडेपट्ट्याने घेतले. त्यांनी संयुक्तपणे लिहिलेल्या दोन ग्रंथांमुळे (१८९३ व १९१०) दोन्यानाचे नाव यूरोपभर झाले. दलदलीत मोकाट फिरणाऱ्या उंटांचे त्यांनी केलेले वर्णन त्या काळी अनेकांना खरे वाटले नाही. हे उंट ओझी वाहण्यासाठी आणलेल्या जनावरांपासून रानटी झालेले होते. ते आता नामशेष झाले आहेत. चॅपमन प्रथमतः शिकारीच होता. पण त्याच्या लेखनामुळे बंदुकीऐवजी दुर्बीण घेऊन येणाऱ्यांची वाट मोकळी झाली. दरम्यान ही मालमत्ता ड्यूकच्या घराण्याकडून जाऊन पुढे शेरी मद्याच्या व्यापारातील धनिक कुटुंबांच्या हाती आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. दलदलीचा निचरा करून तेथे भातशेती करणे आणि वाळूच्या प्रदेशात निलगिरीची लागवड करणे, अशा योजनांना शासनाचे प्रोत्साहन मिळाले. १९५२ पासून स्पॅनिश पक्षिशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को बेर्निस व होसे आंतोन्यो व्हाल्व्हेर्दे यांनी येथील पक्ष्यांचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला आणि या योजनांतील धोका दाखवून दिला. इंग्रज पक्षी-अभ्यासक गाय माउंटफर्ट यांनी १९५०–६० या दशकात येथे मोहिमा आणल्या. १९५७ च्या मोहिमेत जीवशास्त्रज्ञ ज्यूल्यन हक्स्ली, पक्षिचित्रकार रॉजर टोरी पीटर्सन व छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांचा समावेश होता. तिचा वृत्तांत सांगणारा माउंटफर्ट यांचा ग्रंथ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९६१ मध्ये जागतिक वन्यजीव निधीची स्थापना झाली. हक्स्ली व माउंटफर्ट हे तिच्या प्रवर्तकांपैकी होत. दोन्याना वाचविणे हे या संस्थेच्या आरंभीच्या प्रमुख कार्यांपैकी एक ठरले. तिच्या साहाय्याने १९६३ मध्ये सु. ७,००० हेक्टर जमीन विकत घेऊन ती स्पेनच्या वैज्ञानिक संशोधन मंडळाच्या स्वाधीन करण्यात आली आणि १९६४ मध्ये तेथे जीवशास्त्रीय केंद्र उघडले. व्हाल्व्हेर्दे हे त्याचे पहिले संचालक होत. शासनाने आधी उद्यान घोषित करावे व मग शास्त्रज्ञांनी तेथे यावे, हा नेहमीचा क्रम येथे उलटा झाला. माउंटफर्ट यांनी पुढे भारतातील वाघांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय साहाय्य मिळविण्यात पुढाकार घेतला. १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्रप्रकल्पाला त्याचा लाभ झाला. महाराष्ट्रातील मेळघाट हे त्या प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक होय.

राष्ट्रीय उद्यान : १९६९ मध्ये दोन्याना राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. १९७८ च्या विशेष कायद्याने त्याचा विस्तार करण्यात आला व त्याभोवती संरक्षक पट्टे आखण्यात आले. १९८० मध्ये जीवावरण राखीव क्षेत्र, १९८२ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी आणि १९९४ मध्ये जागतिक वारसा स्थळ अशी मान्यता त्यास मिळाली. मात्र याच काळात उद्यानाला अगदी लागून मातालास्कान्यास ही समुद्रस्नानाची वसाहत उभी राहिली. किनाऱ्याने वेल्व्हा–कादिझ महामार्ग नेण्याची कल्पना वारंवार पुढे आली, परंतु ती प्रत्यक्षात उतरली नाही. १९९० च्या सुमारास कोस्ता दोन्याना हा मोठा पर्यटन प्रकल्पही लोकविरोधामुळे सोडून द्यावा लागला.

२५ एप्रिल १९९८ रोजी उद्यानाच्या उत्तरेस आस्नालकोयार येथील खाणीच्या टाकाऊ गाळाचा बांध फुटला. लक्षावधी घनमीटर आम्लयुक्त पाणी व जड धातूंचा गाळ ग्वाद्यामार नदीत शिरला आणि काठची हजारो हेक्टर जमीन दूषित झाली. घाईने मातीचे बांध घालून प्रवाह ग्वादलक्विव्हरकडे वळविल्याने राष्ट्रीय उद्यानाचा बहुतांश भाग वाचला. दूषित शेतजमीन शासनाने संपादन करून ती स्वच्छ केली व तेथे वन्यप्राण्यांना ये-जा करता येईल असा हरितपट्टा निर्माण केला.

आयबेरियन लिंक्सची संख्या २००२ च्या सुमारास शंभराच्या आसपास उरली होती. उद्यानातील एल आसेबूचे केंद्रात २००५ मध्ये या प्राण्याची पिले प्रथमच बंदिवासात जन्मली. या उपक्रमाचा पुढे स्पेन व पोर्तुगालमध्ये विस्तार झाला. २०२४ मध्ये या जातीची संकटस्थिती ‘संकटग्रस्त’ वरून ‘असुरक्षित’ अशी एक पायरी सौम्य करण्यात आली.

भेट देणारे लोक : उद्यानाच्या गाभ्यात स्वतःच्या वाहनाने जाता येत नाही. एल आसेबूचे येथून मार्गदर्शकासह चार-चाकी-चालनाच्या उंच वाहनांतून फेऱ्या निघतात. सु. ७० किमी.ची फेरी पुळण, वालुकागिरी, पाइनची राई, व्हेरा व दलदलीचा काठ असा क्रम घेत सु. चार तासांत पूर्ण होते. एल आसेबूचे व ला रोसीना येथील पाणवठ्यांच्या कडेला लपणगृहे बांधलेली असून तेथून पक्षी पाहता येतात. हिवाळा व वसंत ऋतू हे भेटीस अनुकूल होत. उन्हाळ्यात दलदल कोरडी असते.

या मर्यादित प्रवेशाला एक मोठा अपवाद आहे. पेंटेकॉस्टच्या सणास दलदलीच्या काठावरील एल रोसीओ या गावी मेरीमातेची यात्रा भरते व लाखो लोक जमतात. सानलूकार दे बार्रामेदा येथील यात्रेकरू नावांतून ग्वादलक्विव्हर ओलांडून आणि उद्यानातील वाळू तुडवीत, घोडे व गाड्यांसह तेथे पोहोचतात. उद्यानाच्या स्थापनेपूर्वीपासूनची ही वाट बंद करणे कोणासही शक्य झालेले नाही. नियमांनी ती बांधून घेण्यात आली आहे.

पाण्याचा प्रश्न : प्रवेशावरील नियंत्रणाने शिकारी, लाकूडतोडे व पर्यटक यांना आवर घालता आला, परंतु भूजलास कुंपण घालता येत नाही. १९७० नंतर उद्यानाच्या उत्तरेकडील वालुकामय जमिनीवर विहिरींच्या पाण्यावर सिंचित शेती वाढली. पुढे तेथे प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली स्ट्रॉबेरीचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाऊ लागले. यूरोपातील बाजारपेठेवर अवलंबून असलेल्या या शेतीने हजारो कुटुंबांना व हंगामी मजुरांना काम दिले. पण परवाना नसलेल्या विहिरीही खोदल्या गेल्या. या शेतीला व मातालास्कान्यास येथील वसाहतीला लागणारे पाणी, तळी ज्यावर जगतात त्याच भूजलसाठ्यातून उपसले जाते. यूरोपीय न्यायालयाने २०२१ मध्ये या उपशास पुरेसा आळा न घातल्याबद्दल स्पेनला दोषी ठरविले. सांता ओलाया हे सर्वांत मोठे कायमचे तळे २०२२ च्या उन्हाळ्यात व पुन्हा २०२३ मध्ये आटले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या जीवशास्त्रीय केंद्राच्या संशोधनानुसार पावसाळी तळ्यांपैकी निम्म्याहून अधिक तळी गेल्या दशकात भरलेलीच नव्हती. सिंचित क्षेत्रास मुभा देण्याचा प्रादेशिक विधिमंडळातील प्रस्ताव वादग्रस्त ठरला. तो स्थगित होऊन नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र व प्रदेश शासनांत उद्यानाच्या परिसराच्या पुनरुज्जीवनाचा करार झाला.

भरपूर पावसाचे एखादे वर्ष आले, की दलदल पुन्हा पाण्याने झळकते व पक्षी परततात. त्यावरून सर्व सुरळीत झाल्याचा समज होणे साहजिक असले, तरी तो चुकीचा आहे. कारण तळ्यांना आधार देणारा भूजलसाठा एका पावसाने भरून येत नाही. राजांच्या काळात पहारेकरी ज्या वेशीवर उभे असत, ती वेस जमिनीवर होती व दिसत होती. आज दोन्यानाची खरी वेस जमिनीखाली आहे आणि तिचे रक्षण उद्यानात कधी पाऊलही न ठेवणाऱ्या शेतकऱ्यांवर, ग्राहकांवर व शासनकर्त्यांवर अवलंबून आहे.