तीन बाण, तीन प्रश्न



डेमोवर विश्वास ठेवायचा नाही, हे माझं रोजचं काम. सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस पडद्यावर सगळं झकास चालवून दाखवतो, क्लायंट खूश होतो, आणि मग मी विचारतो, "हेच आता आमच्या डेटावर करून दाखवता का?" वीस वर्षं हे केलं की माणसाला खोड लागते, आणि ती घरीही सुटत नाही.

मध्यंतरी लेकीनं मला एक जुना व्हिडिओ दाखवला. डेन्मार्कचा तिरंदाज लार्स अँडरसन याचा, २०१५ सालच्या जानेवारीत जगभर गाजलेला. हा गृहस्थ धावता धावता, उड्या मारत बाण सोडतो. तीन बाण ०.६ सेकंदात, असा त्याचा दावा. अंगावर येणारा बाण हातानं पकडतो. पात्याच्या धारेवर बाण मारून त्याचे दोन तुकडे करतो. लेक डोळे विस्फारून बघत होती. मी म्हटलं, "शंभरदा चुकला असेल, ते सगळं कापून टाकलं असणार." ती म्हणाली, "बाबा, पण एकदा तरी जमलं ना?" आणि टॅबलेट उचलून निघून गेली.

तिचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा चांगला होता, हे मला जरा उशिरा कळलं. त्या व्हिडिओत एक नाही, तीन दावे आहेत. हे खरंच घडलं का? कोणत्या परिस्थितीत, किती प्रयत्नांनी घडलं? आणि त्यावरून इतिहासाबद्दल काय सिद्ध होतं? मी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याला देऊन मोकळा झालो होतो.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: माणसानं वर्षानुवर्षं सराव केलाय आणि त्याचा हात विजेसारखा चालतो. दुसऱ्यावर जाणकारांनी बोट ठेवलं: धनुष्य हलकं दिसतं, दोरी पुरती ओढलेली नाही, अंतर थोडं आहे. पण तिरंदाज खरे चिडले ते तिसऱ्या दाव्यावर. व्हिडिओत सांगितलं होतं की ही विसरलेली विद्या आहे. बाण हातातच धरून ठेवायचे, बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला लावायचा, हे म्हणे जग विसरलं होतं.

जग विसरलं नव्हतं. अंगठ्यानं दोरी ओढली की उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बाण उजव्या अंगालाच बसतो. मंगोलिया, कोरिया, जपान इथे आजही तसंच चालतं. हिंदुस्थानातही चालत होतं. आपल्या लंडनमधल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात शाहजहानची जेड दगडाची अंगठी आहे, ती अंगठ्यात घालून दोरी ओढायचीच आहे. हातात अनेक बाण धरून भराभर सोडायची रीत चौदाव्या शतकातल्या मामलुक तिरंदाजी ग्रंथात लिहिलेली आहे आणि त्याचं इंग्रजी भाषांतर १९७० साली छापलं गेलं. म्हणजे करामत खरी, पण 'मी शोधून काढली' हे खरं नाही.

इथपर्यंत माझ्यातला शंकेखोर खूश होता. मग मी पोर्ट्समथला गेलो आणि गडबड झाली.

राजा आठव्या हेन्रीचं 'मेरी रोझ' हे जहाज १५४५ साली तिथल्या समुद्रात बुडालं आणि १९८२ साली वर काढलं गेलं. त्याआधी इंग्लिश लांब धनुष्याबद्दल बराच वाद होता. जुन्या लिखाणातली वर्णनं फुगवलेली असावीत, साध्या सैनिकाला ८०-९० पौंडांपलीकडचं धनुष्य ओढणं जमलं नसेल, असं म्हणणारे चांगले जाणकार होते. जहाजात १३७ अखंड धनुष्यं आणि साडेतीन हजारांहून जास्त बाण सापडले. मोजमाप करून, प्रतिकृती बनवून अंदाज निघाला तो १०० ते १८५ पौंडांचा. म्हणजे दर बाणाला ४५ ते ८४ किलोंची ओढ! आज ऑलिंपिकमधले पुरुष साधारण ५० पौंडांचं धनुष्य वापरतात. मी स्वतः इथल्या एका क्लबात सहा आठवड्यांचा नवशिक्यांचा वर्ग केला, तेव्हा २० पौंडांना माझे हात थरथरत होते. शंका घेणाऱ्यांनी माझ्यासारखीच चूक केली होती. आपल्याला जमत नाही ते कुणालाच जमलं नसेल, असं त्यांनी धरलं. लहानपणापासून रोज सराव करणारा माणूस त्यांच्या हिशेबात नव्हता. आज तसा सराव करून १५० पौंडांचं धनुष्य ओढणारे मोजके लोक इंग्लंडात आहेत.

याच लंडनमधली आणखी एक गोष्ट. १७९०च्या दशकात तुर्की वकिलातीचे सचिव महमूद एफेंदी यांनी ब्लूम्सबरीच्या बाजूच्या मैदानात, टॉक्सोफिलाइट सोसायटीच्या सभासदांसमोर बाण सोडला. तो सुमारे ४८० यार्डांवर, म्हणजे जवळजवळ ४४० मीटरवर पडला. सभासद स्वतः कसलेले तिरंदाज, पण इतका लांब जाणारा बाण त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी ना टाळ्या वाजवून विषय संपवला, ना 'हातचलाखी' म्हणून उडवून लावला. त्यांनी अंतर मोजलं आणि नोंद ठेवली. ते धनुष्य शिंग, लाकूड आणि जनावराच्या स्नायूंचे तंतू एकत्र चिकटवून केलेलं होतं. रहस्य होतं ते त्या बांधणीत आणि सरावात.

आणि तुर्कांकडे तर शंकेला मानाची जागाच होती. इस्तंबूलच्या ओकमैदानावर विक्रमी बाण पडलेल्या जागी दगड उभारत, त्यातले काही अजून उभे आहेत. पण विक्रम मान्य व्हायला बाण सुटला तिथेही साक्षीदार लागत आणि पडला तिथेही. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ऑडिट झाल्याशिवाय सत्कार नाही.

हे सगळं मी आज का सांगतोय? आपल्या फोनवर रोज काहीतरी येतं. आपल्या पूर्वजांकडे सगळं होतं, विमानं होती, अस्त्रं होती. मग ग्रुपवर दोन तट पडतात. एक हात जोडतो, दुसरा हसतो. दोघांपैकी कुणीच मोजपट्टी घेऊन मैदानात उतरत नाही. एकलव्यानं कुत्र्याला इजा न करता त्याचं तोंड बाणांनी बंद केलं, ही कथा आहे आणि कथा म्हणून ती मला प्यारी आहे. पण शाहजहानची अंगठी ही वस्तू आहे. वस्तूला आणि कथेला वेगवेगळे प्रश्न विचारायचे असतात, एवढं मुलांना शिकवलं तरी पुष्कळ झालं.

मागच्या रविवारी तो व्हिडिओ आम्ही दोघांनी पुन्हा पाहिला, या वेळी थांबवत थांबवत. लेकीनं वही घेतली होती. बाणाच्या तुकड्यांपाशी ती म्हणाली, "हे बहुतेक खूप वेळा चुकलं असेल." मी म्हटलं, "असेल. पण काय हात आहे गं त्याचा!"

ती हसली. पुढच्या महिन्यात तिचाही नवशिक्यांचा वर्ग सुरू होतोय. बाण किती लागतात ते मोजायला मी असेनच, आणि चुकलेलेही मोजणार आहे.