प्रयोगशाळेपासून रुग्णालयापर्यंतचे अंतर : भारतातील पदव्युत्तर जैववैद्यकीय अभियांत्रिकी

शरीराच्या व्यापारांचा अभियांत्रिकीच्या पद्धतीने अभ्यास करून निदानासाठी व उपचारांसाठी लागणारी साधने, पदार्थ आणि मापनपद्धती घडवणारे शास्त्र म्हणजे जैववैद्यकीय अभियांत्रिकी. पदव्युत्तर शिक्षणाचा विषय म्हणून ते भारतात १९७० च्या दशकात रुजू लागले. या शास्त्राचा इतिहास बहुधा उपकरणांच्या इतिहासाच्या रूपाने सांगितला जातो. परंतु ते कोणी, कोणाला आणि कोठे शिकवले हे पाहू लागले की एक निराळीच गोष्ट ध्यानात येते. अभ्यासक्रमाच्या कागदावर विषयांची नावे बहुतेक ठिकाणी सारखीच असली, तरी प्रत्येक संस्थेतील शिक्षणाला जे वळण लागले ते तिच्या प्रयोगशाळेपासून रुग्णालय किती जवळ होते यावरून लागले.

परदेशातील आरंभही याला अपवाद नाही. जर्मनीत फ्रँकफर्ट येथे फ्रीडरिश डेसाउअर यांनी १९२१ मध्ये वैद्यकाच्या भौतिक पायाचा अभ्यास करणारी संस्था उभी केली. याच संस्थेत तयार झालेले हेर्मान श्वान दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गेले आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी जिवंत ऊतींच्या विद्युत गुणधर्मांचे, म्हणजे स्नायू, रक्त किंवा चरबी यांतून विद्युतप्रवाह किती व कसा वाहतो याचे, संशोधन करत या विषयाच्या अध्यापनाची घडी बसवली. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अशा प्रशिक्षणासाठी विद्यापीठांना अनुदान देण्यास सुरुवात केली आणि विखुरलेल्या संशोधनाला पीएच.डी.च्या अभ्यासक्रमाचे रूप आले. त्याआधीच मिनेसोटात अर्ल बॅकन हा विद्युत अभियांत्रिकीचा पदव्युत्तर विद्यार्थी रुग्णालयातील बिघडलेली उपकरणे दुरुस्त करता करता १९४९ मध्ये आपल्या मेहुण्यासह मेडट्रॉनिक ही कंपनी काढून बसला होता. हृदयाचे ठोके कृत्रिम विद्युतस्पंदांनी चालू ठेवणारा पेसमेकर त्या काळी घरगुती विजेवर चाले. १९५७ च्या अखेरीस वीज खंडित होण्याचा धोका शल्यविशारद वॉल्टन लिलेहाय यांना प्रकर्षाने जाणवला, तेव्हा रुग्णाच्या अंगावर बाळगता येईल असा बॅटरीवरील पेसमेकर बॅकन यांनी अल्पावधीत करून दिला. शल्यविशारदाची अडचण अभियंत्याच्या कानावर थेट पडत होती, म्हणूनच हे इतक्या लवकर साधले.

भारतात या निकटतेचे पहिले ठळक उदाहरण विद्यापीठाबाहेरचे आहे, आणि पदव्यांच्या इतिहासात त्याला जागा मिळत नाही ही उणीवच म्हणावी लागेल. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६० च्या दशकाच्या अखेरीस अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचे ‘जयपूर फूट’ हे कृत्रिम पाऊल घडवले. परदेशी धाटणीच्या कृत्रिम पायावर बूट चढवावा लागे आणि तो लावून मांडी घालून किंवा उकिडवे बसता येत नसे; शेतात अनवाणी चालणाऱ्या रुग्णाला तो निरुपयोगी होता. हा दोष रुग्णांना रोज डोळ्यांसमोर वावरताना पाहणाऱ्या त्या दोघांनी हेरला आणि त्यावरचा उपायही तेथेच शोधला.

औपचारिक शिक्षणाचा पाया दिल्लीत घातला गेला. १९७१ मध्ये दिल्लीची भारतीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयआयटी, आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे एम्स, यांनी मिळून जैववैद्यकीय अभियांत्रिकी केंद्र स्थापन केले. एकाच शहरातील दोन संस्थांनी एक केंद्र चालवायचे, ही कल्पना त्या काळात धाडसाची होती, कारण दोन्हींकडील पदव्या, पदे आणि प्रतिष्ठेच्या कसोट्या सर्वस्वी वेगळ्या होत्या. या केंद्राच्या उभारणीत पुढाकार घेणारे सुजोय गुहा विद्युत अभियांत्रिकी शिकून अमेरिकेत शरीरक्रियाशास्त्रात पीएच.डी. झाले होते आणि पुढे प्राध्यापकपदावर असताना त्यांनी एम.बी.बी.एस.ही पूर्ण केले. पुरुषाच्या शुक्रवाहिनीत बहुलक, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचा पदार्थ, टोचून गर्भनिरोध साधण्याची आणि पुढे तो विरघळवून काढता येण्याची ‘रिसुग’ ही त्यांची पद्धत अभियंता आणि वैद्य एकाच माणसात नांदल्याशिवाय सुचली असती असे वाटत नाही. परंतु प्रत्येक विद्यार्थ्याने दोन पदव्यांची वर्षे खर्च करावीत अशी अपेक्षा कोणतीही संस्था ठेवू शकत नाही.

मद्रासच्या आयआयटीत हा विषय उपयोजित यामिकी, म्हणजे बल व गती यांचे शास्त्र, शिकवणाऱ्या विभागाच्या कुशीत, धनजू घिस्ता यांच्या पुढाकाराने वाढला. त्यामुळे हाडांवरील ताण, रक्तप्रवाहाचे गणित आणि हृदयभित्तीवरील दाब यांकडे तेथील अभ्यासाचा कल राहिला.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेचे प्रकरण मात्र सविस्तर पाहण्याजोगे आहे. त्रावणकोरच्या राजघराण्याने दिलेल्या इमारतीत सुरू झालेल्या या रुग्णालयाचा भाग म्हणून पूजप्पुरा भागातील सॅटेलमंड राजवाड्यात जैववैद्यकीय तंत्रज्ञान शाखा उघडण्यात आली, आणि १९८० मध्ये संसदेच्या कायद्याने संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. हृदयशल्यविशारद आणि संचालक डॉ. एम. एस. वलियाथन यांच्यासमोर ऱ्हुमॅटिक हृदयविकाराचे तरुण रुग्ण होते. घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापात हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होऊ शकतात, आणि त्या बदलण्यासाठी लागणाऱ्या परदेशी झडपा बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होत्या. भारतीय बनावटीची झडप करण्याचे काम वलियाथन आणि अभियंता जी. एस. भुवनेश्वर यांच्या गटाने हाती घेतले.

कलत्या तबकडीची झडप दिसायला साधी असते. धातूच्या कड्यात बारीक धातुदंडांच्या आधाराने बसवलेली गोल तबकडी रक्ताच्या दाबाने एका बाजूला कलून वाट मोकळी करते आणि दाब उलटताच पुन्हा आडवी होऊन ती बंद करते; कड्याभोवती पॉलिएस्टरचे विणलेले वेष्टन असते, त्यातून टाके घालून झडप हृदयाला शिवतात. अवघड आहे ते तिचे टिकणे. मिनिटाला ७२ ठोके धरले तर ही तबकडी दिवसाला लाखाहून अधिक वेळा आणि वर्षाला पावणेचार कोटींहून अधिक वेळा उघडझाप करते, शिवाय तिच्यावर रक्ताच्या गुठळ्या धरता कामा नयेत. हा काळ प्रयोगशाळेत आखूड करण्यासाठी कित्येक पट वेगाने उघडझाप घडवणारी यंत्रे वापरतात. अशा चाचण्यांत आणि मेंढ्यांवरील प्रयोगांत, धातूला तडा जाणे किंवा पृष्ठभाग झिजणे यांसारख्या कारणांनी आधीचे नमुने एकामागून एक बाद झाले. एका टप्प्यावर कृत्रिम नीलमण्याची तबकडीही वापरून पाहण्यात आली. शेवटी कोबाल्टप्रधान मिश्रधातूचे कडे आणि अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची, म्हणजे मऊ पण चिवट प्लास्टिकची, तबकडी हा चौथा नमुना टिकला, आणि ६ डिसेंबर १९९० रोजी तो पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसवला गेला. पुढे टीटीके समूहाने तिचे उत्पादन केले आणि आजवर अशा लाखाहून अधिक झडपा बसवल्या गेल्या आहेत.

शिक्षणाच्या दृष्टीने या यशाइतकेच बाद झालेले नमुने मोलाचे ठरले. धातुशास्त्रज्ञ, बहुलकांचे रसायनतज्ज्ञ, पशुवैद्य आणि शल्यविशारद एकाच अपयशाचा माग काढत बसले, आणि रक्ताशी जुळवून घेणारा पदार्थ कसा पारखायचा याची पद्धत त्यातूनच सिद्ध झाली. श्री चित्रामधील पुढच्या संशोधक विद्यार्थ्यांना ही पद्धत पुस्तकातून नव्हे, चालू कामातून शिकता आली, आणि भारतातील या विद्याशाखेला मिळालेला हा सर्वांत समृद्ध वारसा आहे. रक्त साठवण्याच्या प्लास्टिकच्या पिशव्यांचे तंत्रज्ञानही त्याच वाड्यात तयार होऊन उद्योगाकडे गेले.

मुंबईच्या आयआयटीला स्वतःचे शिकवणारे रुग्णालय नव्हते, आणि पवईहून परळच्या के. ई. एम. रुग्णालयापर्यंतचा प्रवास विद्यार्थ्याच्या दिवसाचा मोठा भाग खाऊन टाकणारा. ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग प्रवेशाच्या दारातच शोधण्यात आला : एम.टेक.च्या वर्गात अभियंत्यांबरोबर एम.बी.बी.एस. झालेल्या डॉक्टरांनाही बसवण्यात आले. अशा वर्गात आरंभीचे अध्यापन फार जिकिरीचे असते. अभियंत्याला मूत्रपिंडाचे कार्य पहिल्यापासून शिकावे लागते, तर ज्याने बारावीनंतर गणित सोडले त्या डॉक्टरपुढे फूरिए रूपांतर, म्हणजे गुंतागुंतीचा संकेत अनेक साध्या लहरींत विभागण्याची रीत, येऊन उभे ठाकते. मात्र हृदयाचा विद्युतआलेख, म्हणजे ईसीजी, दोघांसमोर ठेवला की अभियंता ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याने मिसळलेला गोंगाट गाळण्याचा विचार करतो आणि डॉक्टर त्याला सांगतो की गाळणी चुकीची लावली तर आलेखाच्या ज्या भागावरून हृदयविकाराच्या झटक्याचे निदान होते तोच भाग विकृत होईल. हा संवाद वर्गात घडणे हीच या प्रवेशपद्धतीची खरी कमाई होय.

खरगपूरच्या आयआयटीने २००१ मध्ये वैद्यकीय विज्ञान व तंत्रज्ञान विद्यालय काढून एम.बी.बी.एस. पदवीधरांसाठी तीन वर्षांचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. पुढे मद्रासची आयआयटी, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि श्री चित्रा यांनी एकत्र येऊन क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णसेवेशी निगडित, अभियांत्रिकीचे एम.टेक. आखले आणि त्यात विद्यार्थ्याचा रुग्णालयातील वावर अभ्यासक्रमाचाच भाग केला. दिल्लीने दोन संस्थांत जे साधू पाहिले ते येथे तिघांत वाटले गेले.

महाराष्ट्रात २०१४ मध्ये राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने पवईच्या आयआयटीत ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणनिर्मितीचे केंद्र उभे राहिले, आणि नागपूरचे व्हीएनआयटी व पुण्याचे सीओईपी या अभियांत्रिकी संस्था त्याला जोडल्या गेल्या. येथील कामाचा आरंभ डॉक्टरांच्या अडचणी समजून घेण्यापासून होतो, म्हणजे रुग्णालय दूर असल्याची जाणीव कार्यपद्धतीतच धरलेली आहे. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी उपकरणांची जोखमीनुसार अ ते ड अशी चार वर्गांत विभागणी केल्यानंतर उपकरण घडवणाऱ्याला रुग्णांवरील चाचण्या, जोखमीचे विश्लेषण आणि कागदोपत्री पुरावे यांचे ज्ञान अटळ झाले आहे. तरीही पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या दोन वर्षांपैकी किती महिने रुग्णकक्षात जावेत याचे उत्तर प्रत्येक संस्था आजही आपापल्या सोयीने देते, आणि ज्यांच्या आवारात रुग्णालय नाही त्या संस्थांत हे महिने बहुधा शेवटच्या प्रकल्पापुरतेच उरतात.