खाटेभोवती बांधलेला विमा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात सरकारी आरोग्यकार्ड जवळ असलेल्या माणसालाही गजकर्ण किंवा इसबासाठी त्वचारोगतज्ज्ञाला रोख पैसेच मोजावे लागतात. याचा दोष बहुधा डॉक्टरांच्या लोभाला दिला जातो. मला तो आपल्या विमायोजनांच्या घडणीत दिसतो. त्वचेचा आजार बाह्यरुग्ण विभागात तपासून, औषध देऊन, महिनाभराने पुन्हा पाहून बरा करायचा असतो. आपला सरकारी विमा मात्र दिवसेंदिवस रुग्णालयाच्या खाटेभोवती बांधला गेला.

सुरुवात अशी नव्हती. बी. पी. आडारकर यांच्या कामगारांच्या आरोग्यविम्यावरील १९४४ च्या अहवालातून १९४८ चा कामगार राज्य विमा (ईएसआय) कायदा आला. १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, १९५४ मध्ये मुंबईत आली. ईएसआयच्या दवाखान्यात किंवा पॅनेल डॉक्टरकडे साधी तपासणी, औषधे, पुढे तज्ज्ञाकडे चिठ्ठी, हे सारे वर्गणीत बसत होते. आजारपणाच्या रजेत मजुरीचा काही भागही मिळत होता. कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातील व्यवसायजन्य रोगांत रसायनांमुळे होणारे त्वचारोग आहेत, आणि दीर्घ आजारांच्या वाढीव लाभात कुष्ठरोगाला जागा आहे. कातडीवर उठलेला चट्टा कामाच्या ठिकाणाहून आलेला असू शकतो, हे त्या पिढीच्या कायदेकारांना नीट कळले होते. १९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीतून शहर झालेल्या उल्हासनगरात, शहाडच्या रेयॉन कारखान्याच्या आणि अंबरनाथच्या काडेपेटी कारखान्याच्या परिसरात हे कळणे फार मोलाचे होते. उल्हासनगरात ईएसआयचे रुग्णालय उभे राहिले ते याच कामगारांसाठी.

मग काम बदलले. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत रसायनांचे लहान कारखाने आले, उल्हासनगरात जीन्स शिवण्याचे आणि धुण्याचे. दहापेक्षा कमी माणसांचा कारखाना सहसा ईएसआयच्या बाहेर राहतो; कंत्राटी मजुराचे नाव हजेरीपटावर नसेल तर तोही बाहेर. वेतनाची मर्यादा २०१७ मध्ये २१,००० रुपये झाली, पण थोडी बढती मिळून तिच्यापुढे गेलेला कुशल कामगारही सुटला. त्यांच्या वाट्याला आली २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१३ मध्ये ठाण्यासह राज्यभर पसरलेली राजीव गांधी जीवनदायी योजना. तीच २०१७ पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग यांवरच्या उपचारांची पॅकेजेस तिने दिली आणि अनेक घरे कर्जातून वाचवली; तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पण पॅकेज ठरते ते दाखल झालेल्या रुग्णासाठी. नायट्यासाठी कोणी दाखल होत नाही, म्हणून आपल्या दवाखान्यात एकट्याने बसणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञाला या योजनेत शिरायला दारच नाही.

यावर कोणी म्हणेल, विमा संकटासाठी असतो, खाजेसाठी नव्हे. हा आक्षेप गंभीर आहे, पण दुर्लक्षाची किंमत तो मोजत नाही. तज्ज्ञ परवडत नाही म्हणून माणूस औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणतो; दोन दिवस बरे वाटते, मग नायटा पसरतो आणि घरातल्या सगळ्यांना होतो. केंद्र सरकारला २०१८ मध्ये अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आणावे लागले. नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळाले. त्यातला ‘इंडो’ कुणाचा, हे सांगायला नको. दुसरा आक्षेप असा की राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, मग विमा कशाला? मोफत केसपेपर चांगलाच. पण रोजंदारीवरच्या माणसाचा सकाळच्या रांगेत जाणारा रोज कोणी भरून देत नाही. ईएसआयने नेमका त्याचाच काही भाग भरून दिला होता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. तिथल्या त्वचारोग विभागाची ओपीडी संध्याकाळीही चालावी, ईएसआयचे कामगार तिकडे पाठवण्याचा करार व्हावा, आणि फुले योजनेत दाखल न होता घ्यायच्या उपचारांचे एक साधे पॅकेज यावे. लोकप्रतिनिधींनी ही मागणी आता लावून धरली पाहिजे.