फतेह मैदान ते नवी मुंबई : भारतीय महिला क्रिकेट संघाची वाटचाल

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले आणि पहिल्यांदाच एकदिवसीय विश्वचषक जिंकला. मंडळाच्या अनेक घरांत त्या रात्री लेकी-सुनांबरोबर आजीही जागी होती. याच स्पर्धेतील एक निर्णायक सामना ४७ वर्षांपूर्वी आपल्या चिक्कडपल्लीच्या शेजारी झाला होता, हे मात्र तरुण सभासदांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. म्हणून या संघाची वाटचाल येथे थोडक्यात देत आहोत.

सुरुवात पुण्यातून

१९७३ मध्ये लखनौच्या महेंद्रकुमार शर्मा यांच्या पुढाकाराने भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहिली आंतरराज्य स्पर्धा पुण्यात भरली. संघ तीनच होते : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. ऑक्टोबर १९७६ अखेर बंगळुरूला वेस्ट इंडिजविरुद्ध भारताची पहिली कसोटी सुरू झाली. शांता रंगास्वामी कर्णधार होत्या. पुढच्याच महिन्यात पाटण्याला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला. पुण्याच्या लेगस्पिनर शुभांगी कुलकर्णी त्या मालिकेत खेळल्या, तेव्हा त्या अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. पुढे त्यांनी देशाचे नेतृत्व केले आणि १९८५ चा अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला.

हैदराबादचा सामना

महिलांचा पहिला विश्वचषक १९७३ मध्ये इंग्लंडला झाला, म्हणजे पुरुषांच्या आधी दोन वर्षे. भारत त्यात नव्हता. १९७८ ची दुसरी स्पर्धा भारतातच भरली. संघ चार होते. कलकत्ता, पाटणा, जमशेदपूर आणि हैदराबाद येथे सामने झाले. डायना एडलजी यांच्या नेतृत्वाखालील आपला संघ तिन्ही सामने हरला. स्पर्धेला वेगळा अंतिम सामना नव्हता, पण १३ जानेवारी १९७८ रोजी इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया समोरासमोर आले, तेव्हा दोघेही अपराजित होते. जो जिंकेल त्याचा चषक! ऑस्ट्रेलियाने ८ गडी राखून तो जिंकला. हा सामना झाला लालबहादूर शास्त्री मैदानावर, म्हणजे नारायणगुड्यावरून बशीरबागेकडे गेले की लागणाऱ्या आपल्या जुन्या फतेह मैदानावर.

पैशाविना खेळलेली वर्षे

त्या काळी सामन्याचे मानधन नव्हते. अनारक्षित डब्यातून प्रवास, सामुदायिक निवासात जमिनीवर झोप आणि काही बॅटी सगळ्यांत मिळून वापरणे, असे अनुभव त्या पिढीतील खेळाडूंनी वेळोवेळी सांगितले आहेत. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात इंदूरच्या संध्या अगरवाल यांनी कसोटीत १९० धावा केल्या. त्या वेळी तो विश्वविक्रम होता. पण त्या दौऱ्यानंतर १९९१ पर्यंत संघाला एकही आंतरराष्ट्रीय सामना मिळाला नाही, १९८८ चा विश्वचषकही हुकला. ऐन उमेदीची ती वर्षे त्या खेळाडूंना कोणी परत देऊ शकले नाही.

आपल्या शहराचा वाटा

१९९५ मध्ये न्यूझीलंडमधील शतकमहोत्सवी स्पर्धा भारताने जिंकली. त्या संघाच्या कर्णधार सिकंदराबादच्या पूर्णिमा राव होत्या. सिकंदराबादच्याच मैदानांवर घडलेल्या मिताली राज यांनी जून १९९९ मध्ये पहिल्याच एकदिवसीय सामन्यात आयर्लंडविरुद्ध नाबाद ११४ धावा केल्या, तर २००२ मध्ये इंग्लंडविरुद्ध कसोटीत २१४. त्यांच्या नेतृत्वाखाली संघ २००५ आणि २०१७ मध्ये विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोचला. लॉर्ड्सवरच्या २०१७ च्या सामन्यात मुंबईच्या पूनम राऊत यांनी ८६ धावा करून विजय जवळ आणला होता, पण भारत ९ धावांनी हरला.

या दोन अंतिम सामन्यांच्या मधे, २००६ मध्ये, महिला संघटना भारतीय क्रिकेट नियामक मंडळात विलीन झाली. संघटनेच्या त्या वेळच्या सचिव शुभांगी कुलकर्णीच होत्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये महिला आणि पुरुष खेळाडूंचे सामना-मानधन समान करण्याचा निर्णय झाला : कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख आणि टी-ट्वेंटीला ३ लाख रुपये. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली.

विश्वविजय

२०२५ च्या उपांत्य सामन्यात मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा करून ऑस्ट्रेलियाला नमवले. अंतिम सामन्यात शेफाली वर्माच्या ८७ धावा आणि दीप्ती शर्माचे ५ बळी निर्णायक ठरले. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाने स्पर्धेत ४३४ धावा करून एका विश्वचषकातील मितालींचा ४०९ धावांचा भारतीय विक्रम मागे टाकला. प्रशिक्षक होते मुंबईचे अमोल मुझुमदार. रणजीत धावांचे डोंगर रचूनही त्यांना स्वतः भारताकडून खेळायला मिळाले नव्हते. आपल्या शहराची अरुंधती रेड्डीही या संघात होती.

विजयानंतर हरमनप्रीत कौर आणि तिच्या सहकाऱ्यांनी चषक नेऊन मिताली राज, झूलन गोस्वामी आणि अंजुम चोप्रा यांच्या हाती दिला. चषक कोणाच्या कष्टावर उभा आहे, हे त्या मुलींना ठाऊक होते. आपल्याही मुलींना ते ठाऊक असावे, एवढ्यासाठी हा लेख.

१९७८ चा फतेह मैदानावरचा सामना ज्यांनी पाहिला, ते आज साठी-सत्तरी ओलांडलेले असतील. त्या दिवसाचे तिकीट, छायाचित्र, वर्तमानपत्राचे कात्रण किंवा नुसती आठवण कोणाकडे असेल, तर ती मंडळाकडे जरूर द्यावी. आम्ही ती याच पानावर जपून ठेवू.